बांधकाम क्षेत्रातील शिकाऊ उमेदवारी : ठाणे-नवी मुंबईतील तरुणांनी तिचा लाभ कसा घ्यावा

घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे राहणारे मनोरे, मेट्रो मार्ग ४ चे खांब, आणि खारघर, तळोजा, उलवे या पट्ट्यात चाललेली घरबांधणी पाहिली की येथील तरुणाला बांधकामात काम मिळणे अवघड नाही, हे सहज लक्षात येते. प्रश्न आहे तो कोणत्या दाराने आत शिरायचे याचा. नाक्यावर उभे राहून बिगारी म्हणून शिरता येते, ओळखीच्या ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून शिरता येते, आणि शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली नोंदवलेला करार करून शिकाऊ उमेदवार म्हणूनही शिरता येते. पहिल्या दोन वाटांनी पैसा लवकर हाती येतो, तिसरीने तो कमी येतो. तरीही तिसरी वाट घ्यावी असे माझे मत आहे. मात्र त्या वर्षात नेमके काय पदरात पाडून घ्यायचे हे उमेदवाराने आणि त्याच्या घरच्यांनी आधी ठरवलेले असावे. ते ठरवले नसेल तर उमेदवारी म्हणजे कमी मोबदल्यातली बिगारीच ठरते, आणि अशी उदाहरणे कमी नाहीत.

लाभ कोणता आणि कोणता नाही

विद्यावेतनाचा हिशेब प्रथम मांडलेला बरा, कारण घरात वाद होतो तो त्यावरूनच. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ठरवून दिले : पाचवी ते नववी उत्तीर्णांना दरमहा ५,००० रुपये, दहावी उत्तीर्णांना ६,०००, बारावी उत्तीर्णांना तसेच आयटीआयचे प्रमाणपत्र असलेल्यांना ७,०००, पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना ९,०००. उमेदवारी एका वर्षाहून अधिक काळाची असेल तर दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ होते. हे आकडे वेळोवेळी बदलतात, त्यामुळे करार करताना लागू असलेला दर अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर पाहून घ्यावा. आस्थापना किमान दरापेक्षा अधिक देऊ शकते आणि मोठ्या बांधकाम कंपन्या पुष्कळदा देतात. तरीही महिनाभर न चुकता भरणाऱ्या बिगाऱ्याच्या हजेरीची बेरीज या रकमेपेक्षा मोठी होते, हे मान्य करूनच पुढे जावे. मोटारसायकलवरून सामान पोहोचवणारा शेजारचा मुलगाही त्या वर्षात अधिक कमावताना दिसेल.

त्या बदल्यात जे मिळते ते वेगळ्या जातीचे आहे. बांधकामात बहुतेक कामे अंगावर दिली जातात. प्लास्टर चौरस फुटावर, लोखंड बांधणी टनावर, टाइल्स फुटावर. अंगावर काम घेतलेल्या मिस्त्रीला शिकवायला वेळ नसतो, कारण हेल्परला थापी हातात दिली की काम मंदावते आणि मिस्त्रीचे पैसे बुडतात. मुले चार-चार वर्षे माल कालवत राहतात ती याच कारणाने. त्यात कोणाचा दुष्टपणा असतोच असे नाही. अधिनियमाने नेमकी हीच गाठ सोडवली आहे : शिकाऊ उमेदवाराला अंगावरच्या कामाच्या दराने मोबदला देता येत नाही आणि उत्पादनावर आधारलेल्या बोनसच्या योजनेत त्याला ओढताही येत नाही. त्याचे विद्यावेतन त्याने किती फूट प्लास्टर केले यावर अवलंबून नसते, आणि म्हणूनच त्याला हळू काम करण्याची, काम फोडून पुन्हा करण्याची मुभा राहते. माझ्या मते उमेदवारीचा सर्वांत मोठा लाभ हा आहे, आणि जाहिरातींतून त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

दुसरा लाभ प्रमाणपत्राचा. उमेदवारी पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते आणि ते देशभर ग्राह्य धरले जाते. वीस वर्षे उत्तम काम केलेल्या गवंड्याकडेही असा एखादा कागद नसतो, त्यामुळे दर नव्या साइटवर त्याला स्वतःला नव्याने सिद्ध करावे लागते. तिसरा लाभ पुढच्या परवान्यांचा आहे, त्याविषयी शेवटी लिहितो.

आता जे मिळत नाही ते. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, असे अधिनियमातच म्हटले आहे. त्यामुळे कामगाराला मिळणारे सर्व हक्क त्याला मिळत नाहीत. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते, आणि ती स्वीकारण्याचे बंधन उमेदवारावरही नसते; करारातच तसे कलम घातले असेल तर गोष्ट वेगळी. "वर्षभर कर, मग कायम करू" असे तोंडी आश्वासन कोणी दिले तर ते करारात लिहून मागावे. लिहून देण्यास नकार मिळाला म्हणून उमेदवारी नाकारण्याचे कारण नाही, परंतु त्या आश्वासनावर घराचा हिशेब बांधू नये.

एक गोंधळ येथेच दूर करतो. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निराळी आहे. तीत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये असे विद्यावेतन ठरवले गेले. रक्कम अधिक दिसते म्हणून अनेक जण तिकडे वळतात. मात्र त्या योजनेतून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही. कार्यालयीन अनुभव हवा असलेल्यांना ती उपयुक्त आहे. हातात कसब हवे असेल तर अधिनियमाखालची उमेदवारीच शोधावी.

ट्रेड निवडताना

आयटीआयमध्ये बांधकामाशी जोडलेले ट्रेड बरेच आहेत : गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, वेल्डर, सुतारकाम, पेंटर, सर्व्हेअर, ड्राफ्ट्समन सिव्हिल. यांतील काहींना आठवी उत्तीर्ण पुरते. इलेक्ट्रिशियन आणि ड्राफ्ट्समनला दहावी लागते. ठाण्यात, अंबरनाथला आणि पनवेलला शासकीय आयटीआय आहेत, त्यामुळे मध्य किंवा हार्बर मार्गावर राहणाऱ्या मुलाला रोजचे जाणे-येणे जमण्याजोगे आहे. आयटीआय केलेल्याला उमेदवारीच्या कालावधीत सूट मिळते, म्हणून आधी आयटीआय आणि मग साधारण वर्षभराची उमेदवारी हा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो. आयटीआय न करता थेट उमेदवारीला लागणेही शक्य आहे. ऐच्छिक, म्हणजे सरकारने नेमून दिलेल्या यादीबाहेरच्या, ट्रेडमधल्या अशा उमेदवाऱ्या सहा महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंतच्या असतात आणि बारबेंडिंग (सळया वाकवणे-बांधणे), शटरिंग (काँक्रीटचे साचे लावणे) यांसारखी कामे त्यांत येतात.

आपल्या भागापुरते सांगायचे तर प्लंबर व इलेक्ट्रिशियन यांना इमारत उभी राहताना काम असते आणि नंतरही असते, कारण ठाणे-नवी मुंबईतल्या हजारो सोसायट्यांची दुरुस्ती कधी संपत नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. वाशी-नेरूळकडच्या तिच्या जुन्या इमारती आता दुरुस्ती आणि पुनर्विकासाच्या वयात आल्या आहेत. गवंडीकामाचे स्वरूप मात्र बदलले आहे. मोठ्या मनोऱ्यांत मायवान शटरिंग (ॲल्युमिनियमचे साचे) लावून भिंतीच काँक्रीटच्या ओततात, त्यामुळे वीटकाम उरत नाही आणि गवंड्याकडे टाइल्स, वॉटरप्रूफिंग व फिनिशिंग एवढेच येते. गवंडीकाम मुळापासून शिकायचे असेल त्याने ब्लॉकवर्क चालणारी मध्यम उंचीची इमारत शोधावी.

आस्थापना शोधण्याचा मार्ग

पहिले काम म्हणजे अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी. तिच्यासाठी आधार, शिक्षणाची प्रमाणपत्रे आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. खाते जोडलेले असणे महत्त्वाचे, कारण राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपये, उमेदवाराच्याच खात्यात जमा करते. उरलेली रक्कम आस्थापना देते. अभियांत्रिकीची पदविका वा पदवी असलेल्यांसाठी नॅट्स हे वेगळे पोर्टल आहे.

पोर्टलवर नाव घालून स्वस्थ बसल्याने मात्र क्वचितच काही घडते. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला, कंत्राटी माणसे धरून एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार वा अधिक माणसे असलेली लहान आस्थापना स्वेच्छेने घेऊ शकते. बांधकामात यातली मेख अशी की ज्या बिल्डरचे नाव फलकावर झळकते त्याच्या पगारपत्रकावर फारशी माणसे नसतात. साइटवरची माणसे असतात मुख्य ठेकेदाराची आणि त्याच्या हाताखालच्या पोटठेकेदारांची. म्हणून साइटच्या फाटकावरील फलक वाचून मुख्य ठेकेदार कोण हे पाहावे आणि अर्ज त्याच्या मनुष्यबळ विभागाकडे करावा. पोटठेकेदाराकडे काम मिळेल, करार बहुधा मिळणार नाही.

दुसरा दरवाजा आयटीआयचाच आहे. जिल्ह्यातील उमेदवारीचा कारभार बीटीआरआय (मूलभूत प्रशिक्षण व संबंधित सूचना) केंद्रांमार्फत चालतो आणि कोणत्या आस्थापनांच्या जागा रिकाम्या आहेत याची सर्वांत ताजी माहिती तेथील निदेशकांकडे असते. उत्तीर्ण झाल्यावर निकालपत्र घेऊन आयटीआयकडे पाठ फिरवणारी मुले ही माहिती गमावतात. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन यांनी महावितरणच्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे. पनवेलला एल अँड टी कंपनीची बांधकाम कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. आयटीआय न केलेल्या मुलाने तेथे एकदा चौकशी करावी.

करारावर सही करण्यापूर्वी

करार पोर्टलवर नोंदवला जातो, आणि नोंदवलेला करार हीच उमेदवारीची खूण. नोंदणी क्रमांक मिळाला नसेल तर, वहीत हजेरी कितीही लागो, कायद्याच्या दृष्टीने तुम्ही उमेदवार नाही. उमेदवार अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर पालकांना सही करावी लागते. कायद्यात किमान वय १४ असले तरी धोकादायक उद्योगांसाठी ते १८ आहे, आणि बांधकामाची साइट १८ पूर्ण झाल्यावरच धरावी असे मी सांगेन.

करारात ट्रेडचे नाव बारकाईने वाचावे. प्लंबर म्हणून शिकायला आलेल्याच्या करारात भलताच ऐच्छिक ट्रेड लिहिलेला आढळला तर परीक्षाही त्याच ट्रेडची होईल. कालावधी, विद्यावेतन, कामाचे तास आणि प्रशिक्षणाचे ठिकाण या चार नोंदी तपासाव्यात. ठिकाणाविषयी विशेष विचारावे, कारण ठाण्याची साइट दाखवून महिन्याभरात पुण्याला वा नागपूरला पाठवणे बांधकाम कंपन्यांना सहज शक्य असते, आणि सात हजारांत परगावी खोली घेऊन राहणे जमत नाही. कंपनी राहण्याची सोय करते का, साइटवरच्या कॅम्पमध्ये की बाहेर, जेवणाचे पैसे कापते का, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावे. संकोचापोटी हे प्रश्न मागे राहतात आणि तिसऱ्या महिन्यात मुलगा घरी परततो.

साइटवरचे वर्ष कसे वापरावे

इमारतीचे काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. पाया, कॉलम, स्लॅब, भिंती, प्लास्टर, प्लंबिंग, वायरिंग, टाइल्स, रंग अशी ती साखळी असते आणि एका वर्षात एकाच इमारतीवर ती सगळी पाहायला मिळेलच असे नाही. एकाच जागी राहिलेला उमेदवार वर्षभर केवळ एका प्रकारचे काम करून बाहेर पडतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात साइट इंजिनिअरकडून कामाचे वेळापत्रक समजून घ्यावे आणि दर तीन-चार महिन्यांनी वेगळ्या टप्प्यावर पाठवण्याची विनंती करावी. विनंती तोंडी करून भागत नाही. उमेदवाराने कामाची नोंदवही ठेवायची असते आणि मालकानेही प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवायची असते. सहा आठवडे सलग "माल वाहणे" अशी नोंद त्या वहीत दिसली की बदलाची मागणी करायला आधार मिळतो. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे खोदाई आणि बाहेरचे प्लास्टर मंदावते, आतले काम चालू राहते. तो काळ टाइल्स, पाइपलाइन आणि वायरिंग शिकण्यासाठी मागून घ्यावा. दिवाळी-छटपूजेच्या सुमारास आणि होळीला परप्रांतीय कारागीर गावी जातात तेव्हा हात कमी पडतात. त्या आठवड्यांत उमेदवाराला बिगारीला जुंपण्याचा मोह साइटवर होतो, पण थापी हातात मिळण्याची संधीही त्याच आठवड्यांत असते. ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

मिस्त्रीचे हात पाहून कसब येते, त्यामागचे कारण मात्र विचारावे लागते. स्लॅबच्या लोखंडाखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून उचलून धरणारा छोटा ठोकळा) का ठेवायचा याचे उत्तर "साहेब ओरडतात म्हणून" असे मिळाले तर ते पुरेसे मानू नये. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात सौम्य हवेसाठी २० मिलिमीटरचे कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) पुरते, तर किनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी ४५ मिलिमीटर सांगितले आहे, कारण खारट दमट हवा आत झिरपून सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. खाडीकाठच्या कोपरखैरणे, ऐरोली, कळवा या भागांत जुन्या इमारतींच्या छताचे तुकडे का पडतात हे उमेदवाराला तेव्हा उमगेल आणि कव्हर ब्लॉक विसरण्याची सवय त्याला लागणार नाही.

असेच थोडे गणितही. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरच्या सळईसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलो. खोलीचा कोपरा काटकोनात आहे का हे गुण्याने (काटकोनी पट्टीने) लहान अंतरावर कळते, मोठ्या अंतरावर तीन, चार आणि पाच फुटांच्या, किंवा त्यांच्या पटींच्या, बाजू धरून दोरीने तपासावे लागते. काँक्रीटचे ठोकळे ७ आणि २८ दिवसांनी का फोडतात, स्लंप (ताज्या काँक्रीटचा पातळपणा) मोजून ट्रक परत का पाठवतात, पाइपलाइन भिंतीत बुजवण्याआधी दाब देऊन का तपासतात, घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारी कळ) कशासाठी बसवतात, या गोष्टी ज्याला समजतात तो मुलगा पाच-सात वर्षांत सुपरवायझर होतो. नुसता हात चालणारा चांगला कारागीर होतो, पण नकाशा दुसऱ्याकडून वाचून घेतो. म्हणून प्रत्येक उमेदवाराने आपल्या ट्रेडपुरता नकाशा वाचायला शिकून घ्यावाच; दुपारच्या सुट्टीत साइट ऑफिसात नकाशा उलगडून विचारणाऱ्या मुलाला बहुतेक इंजिनिअर हौसेने सांगतात.

स्वतःची हत्यारे लवकर करावीत. ओळंबा, टेप, स्पिरिट लेव्हल, थापी, किंवा प्लंबर असेल तर पाना आणि हॅकसॉ, हा खर्च थोडका आहे. उसन्या हत्याराने हाताला वळण लागत नाही. उचल मात्र घेऊ नये. मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतलेला मुलगा उमेदवारी संपण्याआधीच त्याच्या टोळीत ओढला जातो.

सुरक्षेबाबत तडजोड करू नये. हेल्मेट, बूट आणि उंचीवर काम करताना पूर्ण अंगाचा पट्टा हे मालकाने पुरवायचे आहे; पट्टा नसेल तर परांचीवर चढण्यास नकार देणे हा उद्धटपणा नव्हे. उमेदवाराला कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी अधिनियमाने मालकावर टाकली आहे. अपघाताची नोंद त्याच दिवशी साइटच्या नोंदवहीत झाली आहे ना, हे सोबतच्याने पाहावे, कारण नोंद नसेल तर नंतर सिद्ध करणे जिकिरीचे होते.

तक्रार असेल, विद्यावेतन थकले असेल किंवा ट्रेडबाहेरच्या कामाला जुंपले जात असेल, तर प्रथम कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी कळवावे आणि तेथे दाद न मिळाल्यास करार व नोंदवहीच्या प्रती घेऊन बीटीआरआय केंद्रात शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जावे. रागाने मध्येच सोडून जाणे टाळावे. तसे केल्यास करारभंग उमेदवाराच्या माथी येतो आणि प्रमाणपत्रही हातचे जाते.

उमेदवारी संपल्यानंतर

परीक्षेचा अर्ज वेळेत भरला गेला आहे का, याची खात्री उमेदवारानेच करावी, आस्थापनेवर विसंबू नये. प्रमाणपत्राबरोबर कंपनीच्या पत्रावर कोणकोणती कामे केली याचा तपशीलवार अनुभव दाखला मागून घ्यावा. इलेक्ट्रिशियन व वायरमन यांना पुढे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून तारतंत्री परवाना घ्यायचा असतो, तर महापालिकेच्या हद्दीत नळजोडणीची कामे परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावी लागतात. दोन्हीकडे शिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचा पुरावा मागितला जातो. परवाना हाती आला की सोसायट्यांची कामे स्वतःच्या नावावर घेता येतात, आणि ठाणे-नवी मुंबईत त्या कामांचा तुटवडा नाही.

त्याच कंपनीत नोकरी मिळाली नाही आणि ठेकेदाराकडे कामगार म्हणून लागावे लागले, तर मागील वर्षभरात ९० दिवस काम भरताच महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. १८ ते ६० वयाच्या बांधकाम कामगाराला ती करता येते; ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून घ्यावा लागतो आणि तो साइट बदलण्याआधीच मागून ठेवावा.